पावणेनऊची बोट

रात्रपाळी आठला सुटते,
सुटते म्हणजे कागदावर.
चार्ज देता देता अकरा नंबरची सलाईन संपते,
सतराच्या म्हाताऱ्याला नेमकी तेव्हाच लघवी लागते,
आणि बांबोळीहून दोन बस बदलून
रायबंदरचा धक्का गाठेपर्यंत
चोडणला जाणारी पावणेनऊची फेरीबोट
गेलेली असते.

गेलेली असायला हवी.

पण उल्हास मांद्रेकर रॅम्प अर्धवट उचलून धरतो.
साखळी कुरकुरते, स्कूटरवाले हॉर्न मारतात,
मासळीची पाटी मांडीशी घेतलेली बाई विचारते,
"कोणाची वाट बघतोस रे, मंत्र्याची?"
तो बोलत नाही.
मी धावत चढते, मान हलवते.
तो तोंड फिरवून खारफुटीकडे बघत राहतो
जणू तिथे काही चाललंय.

असं दोन वर्षं.

चालत्या माणसाला या बोटीवर तिकीट नाही.
पण चाळीस माणसांचं एकेक मिनिट फुकट नसतं,
आयुष्यभर घड्याळावर नाडी मोजणारीला
एवढा हिशोब येतो.

परिचारिका दिनाला एकदा सत्कार झाला माझा.
सेलोफेनमधला गुलाब, सहा कप, पाच बशा,
आणि प्रमाणपत्र: माझं नाव प्रज्वला,
त्यावर उज्ज्वला.
एस्पेरान्सा सिस्टर हसून हसून खोकली.
म्हणाली, "बाय, पगार बँकेत येतो.
बाकीचं उधारीचं खातं.
वसुलीला जाऊ नकोस."

मग पौषातली ती सकाळ.
मांडवीवर एवढं धुकं
की पलीकडचे गंजलेले बार्जही दिसेनात.
बोट धक्क्यालाच बांधलेली.
उल्हासने थर्मासच्या झाकणात चहा आणून दिला
आणि कठड्याकडे बघत बोलला,
"आई होती तुमच्या वॉर्डात. अकरा दिवस.
मी बाहेर पेपर अंथरून पडलेलो.
शेवटच्या रात्री दारातून बघितलं,
तुम्ही तिची नखं कापत होता.
तिला शुद्ध नव्हती.
तरी दर बोटाला विचारत होता,
दुखता गो? दुखता?"

मी आठवून पाहिलं.
मला चावलेली वेडसर पोर आठवली,
शिव्या देऊन मग पाया पडणारा तांडेल,
उशीखाली काजूच्या बिया लपवणारी शांताक्का,
रक्त बघून कोसळलेला एक पोलीससुद्धा.
सत्यवती मांद्रेकर?
काही नाही. रिकामी खाट,
ताणून बसवलेली चादर.

खोटं बोलले नाही, खरंही नाही.
चहा प्यायले.
तो खूप गोड होता.

गेल्या महिन्यात उल्हासची बदली झाली, दिवाडीच्या फेरीवर.
नवा पोरगा नियमाने वागतो,
त्याचं काही चुकत नाही.
पावणेनऊची मला रोज चुकते.
मी धक्क्यावर बसते, बूट काढते,
सॅनिटायझरने भेगाळलेले तळवे उन्हात धरते
आणि त्या वीस मिनिटांत
एक बाई शोधत राहते.

काल असं वाटलं की सापडली.
उजव्या हाताचं मधलं बोट,
पेराशी विळीचा जुना व्रण,
नखाच्या कडेला कोकमाचा डाग
जो धुऊन जात नाही.
तिचंच असेल. किंवा मी रचलं असेल,
जागरणाने माणूस काहीही रचतो.

समोर पाण्यावर एक बोट सुटलेली,
आणि हे एक बोट हाती लागलेलं.
मी ते सोडलं नाही.
हळूच विचारलं,
दुखता गो?